साथ, पूर आणि पगारी आजारी रजा: आमच्या रजा-प्रणालीच्या ‘आपत्कालीन रजा’ विभागाचा अभिप्राय

हजेरी, रजा आणि पगार यांचा हिशेब एकत्र ठेवणारी जी संगणकीय प्रणाली आमच्या संस्थेत २०२० च्या अखेरीपासून वापरात आहे, तिच्यातील ‘आपत्कालीन रजा’ या विभागापुरता हा अभिप्राय आहे. रजेचे अर्ज, मस्टर आणि पगारपत्रक हे आस्थापना विभागातले माझे रोजचे काम असल्यामुळे साथीच्या दोन लाटांत आणि त्यानंतर आलेल्या एका पुरात हा विभाग मी सतत हाताळला, आणि कोणत्या रकान्यामुळे कोणाचा पगार अडतो हे तेव्हा जवळून पाहिले. विक्रेत्याचे नाव मी देत नाही, कारण खरेदीपूर्वी आणि नंतरही अशा आणखी दोन प्रणालींची प्रात्यक्षिके मी पाहिली आणि त्यांची रचना याच धर्तीची होती. तेव्हा पुढे जे लिहिले आहे ते असा विभाग विकत घेऊ पाहणाऱ्या किंवा आधीच वापरत असलेल्या कोणत्याही आस्थापनेला तपासून पाहता येईल.

नेहमीच्या आजारी रजेचे नियम तीन गोष्टी गृहीत धरून लिहिलेले असतात. एका वेळी एखाददुसरा माणूस आजारी पडेल, त्याला डॉक्टर आणि दाखला मिळेल, आणि तो नसला तरी कार्यालय चालू राहील. साथीत किंवा पुरात ही तिन्ही गृहीतके एकाच दिवशी कोसळतात. निम्मा विभाग एकदम तापाने पडतो, दवाखाना बंद असतो किंवा त्यात पाय ठेवायला जागा नसते, आणि जो धडधाकट आहे तोही रस्ता बंद असल्यामुळे घरात अडकलेला असतो. अशा वेळी रजेचा अर्ज घेणारी प्रणाली नेहमीच्याच नियमांनी चालत राहिली, तर ती आजारी माणसाच्या नावावर खाडा मांडते आणि महिनाअखेरीस त्याचा पगार कापते. म्हणूनच हा विभाग स्वतंत्र असावा, असा आमचा आग्रह होता.

विभागाची मूळ रचना चांगली आहे हे प्रथम सांगते. प्रशासकाच्या पडद्यावर ‘आपत्ती घोषित करा’ अशी नोंद आहे. तिच्यात आपत्तीचा प्रकार, सुरुवातीची तारीख, अखेरची तारीख, लागू ठिकाण, रजेचे कमाल दिवस आणि पगाराचा दर भरला की प्रत्येक कर्मचाऱ्याच्या नावे रजेचे एक वेगळे खाते उघडते. ही रजा त्याच्या शिल्लक आजारी रजेतून किंवा अर्जित रजेतून वजा होत नाही. हे वरवर किरकोळ वाटते, पण सगळा फरक इथेच पडतो. अमेरिकेत खासगी नोकरदारांसाठी आजही देशव्यापी पगारी आजारी रजेचा कायमस्वरूपी कायदा नाही. तिथे १८ मार्च २०२० रोजी संमत झालेल्या तात्पुरत्या कायद्याने ५०० हून कमी कर्मचारी असलेल्या आस्थापनांत ८० तासांपर्यंतची पगारी आजारी रजा दिली, आणि मालकाने ती आधीच्या रजेऐवजी न देता तिच्याव्यतिरिक्त द्यावी, अशी तरतूद केली. नोकरीला लागून कितीही दिवस झालेले असोत, ती रजा पहिल्या दिवसापासून मिळत होती. आमच्या प्रणालीतही नवा माणूस रुजू झाल्या दिवशी हे खाते पूर्ण भरलेले दिसते. साधारण रजा महिन्यामहिन्याने साठत जाते, त्यामुळे नव्याने लागलेल्यांच्या खात्यात आपत्तीच्या वेळी काहीच नसते, आणि बहुधा त्यांचीच गाठीची पुंजीही सर्वांत तोकडी असते.

दुसरी चांगली सोय म्हणजे प्रतीक्षा-दिवस शून्य ठेवता येतात. आजारपणाचे पहिले काही दिवस बिनपगारी धरायचे आणि त्यानंतर लाभ सुरू करायचा, ही पद्धत अनेक देशांत जुनी आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५२ च्या सामाजिक सुरक्षेच्या करारात आणि १९६९ च्या वैद्यकीय सेवा व आजारपण लाभाच्या करारातही तीन दिवसांपर्यंतच्या प्रतीक्षेला मुभा आहे. खोटे अर्ज थांबावेत हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु कोविडसारख्या रोगात लक्षणे दिसण्याच्या एकदोन दिवस आधीपासून ती दिसल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांपर्यंत माणसाकडून संसर्ग सर्वाधिक पसरतो. म्हणजे ज्या दिवसांत त्याने घरीच थांबायला हवे, नेमके तेच दिवस आपण बिनपगारी ठरवतो. ब्रिटनने मार्च २०२० मध्ये कोविडपुरती ही प्रतीक्षा काढून टाकली होती आणि मार्च २०२२ मध्ये पुन्हा लागू केली. आमच्या प्रणालीत हा आकडा मुळात ‘३’ असाच भरून येतो. तो ‘०’ करता येतो, पण तशी सूचना कुठेही दिसत नाही. पहिल्या लाटेतल्या सहा अर्जांचे पहिले तीन दिवस बिनपगारी गेल्यावर आम्हाला तो रकाना सापडला, आणि ते पैसे पुढच्या महिन्यात थकबाकी म्हणून द्यावे लागले. ज्यांच्याकडे अशी प्रणाली आहे त्यांनी आज, कोणतीही आपत्ती नसताना, हा आकडा उघडून पाहावा.

आता मुख्य दोषाकडे येते. त्यासाठी पुराचे दिवस थोडे सविस्तर सांगावे लागतील.

पाणी चार दिवस होते. प्रशासनाने जाहीर केलेल्या तारखांना धरून आम्ही प्रणालीत सात दिवसांची आपत्ती घोषित केली. सातव्या दिवशी रस्ते उघडले, गोदामाची साफसफाई सुरू झाली आणि आठव्या दिवशी बहुतेक सगळे कामावर आले. गोदामातले एक काका, ज्यांनी स्वतःच्या घरातला आणि नंतर गोदामातला चिखल उपसला होता, ते बाराव्या दिवशी अंगात ताप घेऊन आले. डोळे लाल झाले होते आणि पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की माझ्या टेबलासमोर उभे राहताना ते कपाटाला धरून उभे होते. मी त्यांना तिथूनच डॉक्टरांकडे पाठवले आणि त्यांच्या वतीने अर्ज भरायला बसले. प्रकार ‘आपत्कालीन आजारी रजा’, कारण ‘पुरानंतरचा ताप’, दिनांक त्या दिवसाचा. पडद्यावर लाल पट्टी आली: ‘निवडलेल्या कालावधीत आपत्ती घोषित नाही.’ खाली एकच पर्याय होता, ‘नेहमीची आजारी रजा’, आणि काकांच्या त्या खात्यात दीड दिवस शिल्लक होता. तपासणीत लेप्टोस्पायरोसिस निघाला. ते एकोणीस दिवस कामावर येऊ शकले नाहीत.

इथे प्रणालीत तांत्रिक बिघाड नव्हता; तिने तिला सांगितलेलेच केले. चूक आपत्ती म्हणजे काय या समजुतीत आहे. ‘पूर ओसरला की आपत्ती संपली’ हे रस्त्यांच्या बाबतीत खरे असेल, शरीराच्या बाबतीत नाही. लेप्टोस्पायरोसिसचा जंतू उंदरांच्या आणि गुराढोरांच्या मूत्रातून पाण्यात आणि चिखलात उतरतो, पायाच्या भेगेतून किंवा जखमेतून शरीरात शिरतो, आणि लक्षणे दिसायला साधारणतः पाच ते चौदा दिवस, क्वचित महिनाभरही लागतो. साचलेल्या पाण्यात डासांची पैदास व्हायला आठवडा-दीड आठवडा जातो, आणि डास चावल्यानंतर डेंगीचा ताप यायला आणखी चार ते दहा दिवस. दूषित पाण्यातून होणारी कावीळ तर कित्येक आठवड्यांनी डोळ्यांत उतरते. पुराच्या आजारांचा मोठा हिस्सा पूर संपल्यावरच यायचा असतो. तेव्हा घोषणेच्या अखेरच्या तारखेला रजा बंद करणारी प्रणाली त्या आजारांना आपत्तीच्या बाहेर ढकलते. साथीतही वेगळे नाही. लाट ओसरली, आदेश मागे घेतला गेला, तरी अखेरच्या आठवड्यात लागण झालेला माणूस आदेशानंतरच आजारी पडणार.

यावर तोडगा असू शकतो आणि तो कायद्यातही आढळतो. अमेरिकेतील कोलोराडो राज्याच्या २०२० च्या कायद्यात सार्वजनिक आरोग्य आणीबाणीसाठी ८० तासांपर्यंतची वेगळी पगारी रजा आहे, आणि आणीबाणी संपल्यानंतरही चार आठवड्यांपर्यंत ती वापरता येते. आम्ही विक्रेत्याकडे हाच मुद्दा मांडला. आम्हाला ‘आपत्तीची अखेर’ आणि ‘रजेची अखेर’ अशा दोन वेगळ्या तारखा हव्या होत्या. उत्तर यायला पाच आठवडे लागले आणि ते असे होते की, प्रशासकाने आपत्तीचीच अखेरची तारीख पुढे ढकलावी. तसे केले की दुसरे काम बिघडते. आपत्ती चालू असताना मस्टरवरची सगळी अनुपस्थिती ‘माफ’ म्हणून नोंदली जाते, त्यामुळे जे खरोखर कामावर येत आहेत आणि जे विनाकारण येत नाहीत यांत फरक उरत नाही. काकांच्या एकोणीस दिवसांचा हिशेब शेवटी आम्ही प्रणालीबाहेर, कागदी मंजुरीने केला. व्यवस्थापकांनी ती मंजुरी दिली, याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण एका माणसाचा महिन्याचा पगार दुसऱ्या माणसाच्या चांगुलपणावर अवलंबून राहावा, ही काही व्यवस्था नव्हे.

ठिकाणाच्या रकान्यातही असाच घोटाळा होता. ‘लागू ठिकाण’ म्हणून प्रणाली कार्यालयाचा पत्ता धरत असे. आमचे मुख्य कार्यालय उंचावर आहे; तिथे पाणी आले नाही, म्हणून तिथल्या कर्मचाऱ्यांना ती रजा दिसलीच नाही, मग त्यांचे घर पाण्याखाली असो. उलट गोदामाच्या नावावर असलेले पण प्रत्यक्षात कोरड्या वस्तीत राहणारे दोघे सात दिवस आपोआप ‘आपद्ग्रस्त’ ठरले. कर्मचाऱ्याच्या घराचा पत्ता आणि पिनकोड प्रणालीत आधीच नोंदलेला असतो, तेव्हा दोन्ही पत्ते तपासून कोणताही एक बाधित असेल तर रजा उघडणे मुळीच अवघड नसावे. ही मागणी मात्र पुढच्या आवृत्तीत मान्य झाली. ती सोय आता नीट चालते.

दाखल्याचा नियम हा तिसरा अडथळा, आणि मनाला सर्वांत लागलेला. दोन दिवसांहून अधिक आजारी रजेसाठी वैद्यकीय दाखल्याचे छायाचित्र ४८ तासांत जोडायचे. न जोडल्यास अर्ज आपोआप बिनपगारी रजेत जातो. पुराच्या पाचव्या दिवशी एका महिला कर्मचाऱ्याचा फोन आला. “ताई, मोबाइलवर सारखं कागद जोडा, कागद जोडा येतंय. दवाखान्यातच पाणी शिरलंय, डॉक्टर स्वतः आमच्याबरोबर शाळेत आहेत. त्यांच्याकडे पॅड नाही, शिक्का नाही. मी कागद कुठून आणू?” मी त्यांना डॉक्टरांना फोन द्यायला सांगितले. डॉक्टरांनी मुलाच्या वहीच्या पानावर चार ओळी लिहून सही केली आणि त्या पानाचा फोटो पाठवला. प्रणालीने तो ‘अवैध’ ठरवला, कारण तिला नोंदणी क्रमांकाचा रकाना भरलेला हवा होता. तोवर ४८ तास संपले होते.

आपत्तीत दाखला मागू नये असे माझे म्हणणे नाही. पण तो केव्हा मागावा याला काही तारतम्य हवे. ब्रिटनमध्ये नेहमीच्या काळातही पहिले सात दिवस कर्मचाऱ्याचे स्वतःचे निवेदन पुरते आणि डॉक्टरांचा कागद त्यानंतर लागतो. डिसेंबर २०२१ मध्ये डॉक्टरांवरचा भार कमी करण्यासाठी ही मुदत काही आठवड्यांपुरती २८ दिवसांपर्यंत वाढवण्यात आली होती. साथीत प्रत्येक तापकऱ्याला केवळ कागदासाठी दवाखान्यात पाठवणे म्हणजे खऱ्या गरजूची जागा अडवणे आणि निरोगी माणसाला संसर्गाच्या रांगेत उभे करणे आहे. आमच्या प्रणालीत स्वयंघोषणेचा नमुना आहे, पण तो सेटिंगच्या चौथ्या पायरीवर दडलेला आहे आणि आपत्ती घोषित केली तरी आपोआप सुरू होत नाही. तो सुरू करून दाखल्याची मुदत आपत्तीच्या अखेरीनंतर १५ दिवस ठेवल्यापासून आमच्याकडे या कारणाने एकही पगार अडलेला नाही, आणि खोट्या अर्जांचा जो पूर येईल अशी भीती बैठकीत व्यक्त झाली होती तोही आलेला नाही.

कारणांच्या यादीबद्दल लिहिताना मला थोडे मूळ प्रश्नाकडे जावे लागेल. यादीत ‘आजार’, ‘अपघात’ आणि ‘इतर’ इतकेच पर्याय आहेत. साथीत अशी माणसे असतात जी आजारी नाहीत पण संपर्कात आल्यामुळे त्यांना घरात थांबायला सांगितले आहे. अशी असतात ज्यांची आई किंवा मूल आजारी आहे. आणि अशी असतात ज्यांच्या मुलांची शाळा बंद असल्यामुळे घरी कोणीतरी राहणे भाग आहे. पुरात घर रिकामे करण्याचा आदेश मिळालेला माणूस ठणठणीत असतो, पण कामावर येऊ शकत नाही. हे सगळे ‘इतर’ मध्ये गेले की मंजुरी देणाऱ्याला प्रत्येक वेळी स्वतः ठरवावे लागते, आणि तीच परिस्थिती एका विभागात पगारी तर शेजारच्या विभागात बिनपगारी ठरते. जगभरचे कायदेही या टप्प्यावर वेगवेगळी वाट धरतात. अमेरिकेच्या २०२० च्या कायद्याने स्वतःच्या आजारासाठी किंवा विलगीकरणासाठी दिवसाला ५११ डॉलरच्या मर्यादेत पूर्ण पगार ठेवला, आणि दुसऱ्याच्या देखभालीसाठी २०० डॉलरच्या मर्यादेत दोन-तृतीयांश. स्पेनमध्ये २९ ऑक्टोबर २०२४ च्या व्हॅलेन्सियातील महापुरात दोनशेहून अधिक लोक गेले, आणि त्यानंतर महिन्याभरात सरकारने हवामानाच्या धोक्यामुळे कामावर पोहोचणे अशक्य असेल तर चार दिवसांपर्यंत पगारी रजेचा हक्क दिला. तिथे माणूस आजारी असण्याची अटच नाही. कॅलिफोर्नियात २०२५ पासून शेतमजुरांना आणीबाणीच्या काळातील धूर, उष्णता किंवा पूर यांपासून बचावासाठी आपली साठलेली पगारी आजारी रजा वापरता येते, म्हणजे आजारी पडण्यापूर्वीच. जपानमध्ये मालकाच्या कारणाने काम बंद राहिले तर सरासरी वेतनाच्या किमान ६० टक्के भत्ता द्यावा लागतो, पण नैसर्गिक आपत्ती हे मालकाच्या हाताबाहेरचे कारण मानले गेले की ती सक्ती उरत नाही. फिलिपिन्समध्ये वादळात न आलेल्या कामगारावर कारवाई करता येत नाही, तरी काम नाही तर वेतन नाही हे सूत्र मात्र कायम राहते.

यांतले कोणते धोरण बरोबर, यावर संस्थांची मते वेगळी असतील. पण विकत घेतलेल्या प्रणालीत निदान हे प्रकार वेगळे नोंदवता आले पाहिजेत, प्रत्येकाला वेगळा दर लावता आला पाहिजे, आणि ‘आजारी’ व ‘अडकलेला’ यांची सरमिसळ होता कामा नये. ती झाली की आकडेवारीही फसवी होते. पुराच्या महिन्यात आमच्या अहवालात आजारी रजेचे दिवस प्रचंड दिसले. त्यांतले बहुतेक लोक आजारी नव्हते, आणि ज्या महिन्यात ते खरोखर आजारी पडले त्या पुढच्या महिन्यात अहवाल जवळजवळ कोरा होता. त्या कोऱ्या अहवालावरून बैठकीत कोणीतरी ‘पुरामुळे आरोग्यावर फारसा परिणाम झालेला दिसत नाही’ असे म्हटले, तेव्हा मला उठून बोलावे लागले.

प्रणालीचा परवाना माणशी असतो, आणि त्यामुळे कंत्राटी सफाई कामगार, सुरक्षारक्षक आणि रोजंदारीवरचे हमाल यांची नोंदच तिच्यात होत नव्हती. याला विक्रेता एकटा जबाबदार नाही. आम्हीही पैसे वाचवले. पण चिखलात पहिल्यांदा हेच लोक उतरतात आणि साथीत कार्यालयाची दारे, जिने, स्वच्छतागृहे त्यांनाच पुसावी लागतात. त्यांना ताप लपवून कामावर यावे लागले तर बाकी सगळ्यांच्या पगारी रजेने संसर्ग कसा थांबणार? अमेरिकेच्या कायद्यातही ५०० किंवा त्याहून अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपन्या बाहेर राहिल्या होत्या आणि आरोग्यसेवेतील कर्मचाऱ्यांना वगळण्याची मुभा मालकाला होती. तरीही ज्या राज्यांत लोकांना ही रजा नव्याने मिळाली तिथे प्रत्येक राज्यामागे दिवसाला सुमारे ४०० रुग्ण कमी नोंदले गेले, असे २०२० मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट २०२० पासून, ज्यांच्याकडे आजारी रजाच नाही अशा विलगीकरणातल्या कामगारांना १,५०० डॉलरची सरकारी रक्कम दिली, कारण रजा नसलेला माणूस तापातही कामावर जात राहणार हे उघड झाले होते. या वर्षी आम्ही कंत्राटदाराबरोबरच्या करारात आपत्कालीन रजेचे दिवस लिहून घेतले आणि त्या लोकांचे परवाने संस्थेच्या खर्चाने घेतले.

अर्धवेळ काम करणाऱ्यांचा हिशेब प्रणाली नीट करत नाही, कारण ती तास न मोजता फक्त दिवस मोजते. आणि रात्रपाळीचा माणूस मध्यरात्री आजारी पडून घरी गेला तर त्याचे दोन दिवस खर्ची पडतात. हे दोन्ही आम्ही हाताने दुरुस्त करतो.

गोपनीयतेबाबत सुरुवातीला एक गंभीर चूक होती. मंजुरीच्या ईमेलमध्ये आजाराचे नाव येत असे आणि तो ईमेल पाळी ठरवणाऱ्या सगळ्यांना जात असे. साथीच्या काळात शेजाऱ्यापाजाऱ्यांनी वाळीत टाकण्याची भीती खरी होती, आणि आमच्या एका सहकाऱ्याला ती या ईमेलमुळे सोसावी लागली. तक्रार केल्यावर आठवड्याच्या आत त्यात बदल झाला. आता पाळी ठरवणाऱ्याला फक्त ‘मंजूर, अमुक तारखेपर्यंत’ एवढेच दिसते. या तत्परतेबद्दल विक्रेत्याच्या सेवाविभागाला मनापासून श्रेय देते.

इंटरनेट बंद असताना अर्ज करण्याची सोय म्हणून एसएमएस आहे आणि ती उत्तम आहे. पुराच्या दुसऱ्या दिवशी मोबाइलचे मनोरे जेमतेम चालू होते, ॲप उघडत नव्हते, पण ‘रजा’ एवढा एक शब्द नोंदणीकृत क्रमांकावरून पाठवला की अर्जाची वेळ नोंदली जात होती आणि बाकीचा तपशील नंतर भरता येत होता. त्या दोन दिवसांत चौतीस अर्ज असे आले. ज्यांच्याकडे फोन भिजून बंद पडला होता त्यांच्यासाठी सहकाऱ्याच्या फोनवरून अर्ज करण्याची मात्र सोय नाही. ती असती तर मदत छावणीत बसलेल्या एकाच माणसाने दहा जणांची नोंद केली असती.

पगाराचा दर आणि मुदत प्रत्येक देशाच्या विमा योजनेशी जुळवता येते, हे काम प्रणाली चांगले करते. भारताच्या कर्मचारी राज्य विमा योजनेत, उदाहरणार्थ, आजारपणाचा लाभ वेतनाच्या ७० टक्के दराने वर्षाला ९१ दिवसांपर्यंत असतो, तर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६९ च्या करारात किमान ६० टक्क्यांचे मान आहे; उरलेला फरक संस्था भरणार असेल तर तो वेगळ्या ओळीत दाखवण्याची सोय आहे आणि अहवाल लेखापरीक्षकांनी कोणत्याही शंकेविना स्वीकारला आहे. सरकारकडून किंवा विम्याकडून परतावा मागायचा असेल त्या संस्थेला हा एक भाग नक्कीच उपयोगी पडेल.

परवान्याचे नूतनीकरण आम्ही या वेळी एकाच वर्षासाठी केले आहे. रजेची अखेरची तारीख आपत्तीच्या अखेरीपासून वेगळी ठेवण्याची सोय त्या वर्षात मिळावी, ही अट करारात लेखी घातली आहे आणि विक्रेत्याने ती मान्य केली आहे. तोपर्यंतची व्यवस्था म्हणून आपत्ती संपल्यानंतरच्या तीस दिवसांसाठी एक छापील अर्ज आम्ही तयार केला आहे. त्यावर नाव, पत्ता, पाण्यात किंवा बाधित माणसाच्या संपर्कात आल्याची तारीख, लक्षणे सुरू झाल्याची तारीख आणि सही एवढेच पाच रकाने आहेत. दाखल्याचा रकाना नाही. त्याच्या शंभर प्रती गोदामाच्या वरच्या मजल्यावर, पाणी पोहोचणार नाही अशा कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवल्या आहेत, आणि कपाटाची एक किल्ली काकांकडे आहे.